अंधारातले उमेदवार

१९८०च्या आसपास रमजान ईद भर पावसाळ्यात यायची. जुन्नरच्या आमच्या घरी एकोणतिसाव्या रोजाची संध्याकाळ म्हणजे रेडिओची संध्याकाळ. गल्लीतली पोरं गच्चीवर चढून पश्चिमेकडे डोळे ताणायची. पण ढग असे उतरलेले असायचे की शिवनेरीच दिसत नसे, तिथं चंद्राची कोर कुठून दिसणार! मग सगळं घर रेडिओभोवती गोळा व्हायचं. अब्बांचं बाजारपेठेत घड्याळ आणि रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. त्यामुळे आमच्या घरातला रेडिओ कायम पाठ उघडी असलेला, तारा लोंबणारा. अब्बा नॉब अगदी सावकाश फिरवायचे आणि रात्री केव्हातरी त्या खरखरीतून बातमी यायची, की अमुक ठिकाणी चांद दिसला, उद्या ईद. अम्मी लगेच शीरखुर्म्याच्या तयारीला लागायची. एकदा मी विचारलं, "पण आपण तर बघितलाच नाही." अब्बा म्हणाले, "दोन भरवशाच्या माणसांनी बघितला, बस झालं."

आज ज्याच्याविषयी बोलायचं आहे, ते अजून एकाही भरवशाच्या माणसाने बघितलेलं नाही. तरीही जगभरचे शास्त्रज्ञ जवळजवळ शंभर वर्षं त्याचा हिशेब मांडत आले आहेत. त्याला मराठीत कृष्णद्रव्य म्हणतात. विश्वात जेवढं द्रव्य आहे, त्यातला सहावा हिस्सासुद्धा आपल्या ओळखीचा नाही. तारे, ग्रह, वायू, धूळ, तुम्ही, मी, हा सगळा संसार मिळून तेवढाच. बाकीचं हे कृष्णद्रव्य. शब्दांचा माणूस म्हणून एक तक्रार नोंदवतो. हे नाव चुकीचं आहे. काळी वस्तू उजेड अडवते. हे द्रव्य उजेड अडवत नाही, परतवत नाही, स्वतः देतही नाही. ते काळं नाही, आरपार आहे.

मी बी.ए. झालेला माणूस. विज्ञान दहावीला सुटलं ते सुटलंच. पण माझ्या तिशीच्या आत-बाहेर आमच्याच तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला, मोठमोठ्या जाळीदार तबकड्या उभ्या राहिल्या. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ती प्रचंड रेडिओ दुर्बीण. फेब्रुवारीत विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन भरतं, शाळांच्या बसगाड्यांची रांग लागते. अशाच एका वर्षी तिथल्या एका तरुण संशोधक मुलीला मी माझा जुनाच प्रश्न विचारला, "जे दिसत नाही ते आहे कशावरून?" ती म्हणाली, "काका, वजनावरून." त्या एका शब्दामागे मी पुढे बरीच वर्षं लागलो. वाचलं, विचारलं, जे समजलं ते सांगतो.

आकाशाचा हिशेब चुकला, की माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. कुणीतरी न दिसणारा देणेकरी आहे असं मानतो, नाहीतर हिशेबाची रीतच चुकली असं म्हणतो. एकोणिसाव्या शतकात युरेनस ग्रह ठरलेल्या वाटेवरून जरासा ढळत होता. फ्रान्सच्या लव्हेरिये यांनी कागदावर गणित करून सांगितलं, की पलीकडे एक ग्रह असला पाहिजे आणि तो अमुक ठिकाणी असला पाहिजे. २३ सप्टेंबर १८४६च्या रात्री बर्लिनमध्ये गाले यांनी दुर्बीण लावली आणि सांगितल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून सापडला. केवढा हा लेखणीचा विजय! पुढे बुधाची कक्षाही थोडी थोडी सरकताना आढळली, तेव्हा त्याच लव्हेरियेंनी १८५९मध्ये तेच औषध पुन्हा दिलं. सूर्याच्या आणि बुधाच्या मधे आणखी एक ग्रह असावा. त्याला 'व्हल्कन' हे नावही मिळालं. खेड्यातल्या एका डॉक्टराने तो पाहिल्याचं सांगितलं, लोक ग्रहणाग्रहणाला त्याला शोधत राहिले. लव्हेरिये १८७७मध्ये वारले, ते व्हल्कन आहे या समजुतीतच. १९१५मध्ये आइन्स्टाइनने दाखवलं, की तिथं ग्रह नव्हताच. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम तिथं अपुरा होता. माणूस तोच, युक्ती तीच. एकदा नेपच्यून निघाला, एकदा व्हल्कन. कृष्णद्रव्याच्या साऱ्या इतिहासावर या दोन नावांची सावली आहे.

१९३३मध्ये अमेरिकेत काम करणाऱ्या फ्रिट्झ झ्विकी या स्विस शास्त्रज्ञाने कोमा नावाच्या दीर्घिकांच्या झुंडीचे वेग तपासले. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची वस्ती. या वस्त्या एकमेकींभोवती इतक्या वेगाने फिरत होत्या, की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनाने त्या बांधल्या जाणं शक्य नव्हतं. झुंड केव्हाच उधळायला हवी होती. झ्विकीने लिहिलं, की तिथं न दिसणारं द्रव्य पुष्कळ असलं पाहिजे. त्याचा आकडा पुढे फुगलेला निघाला, कारण त्या काळी अंतरंच नीट ठाऊक नव्हती. पण मुद्दा खरा होता. झ्विकी स्वभावाने फटकळ. सहकाऱ्यांशी त्याचं पटत नसे. त्याच्या या मुद्द्याकडे पुढची तीस-पस्तीस वर्षं फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

ते पाहायला लावलं व्हेरा रुबिन यांनी. पालोमारच्या प्रख्यात वेधशाळेत १९६५पर्यंत स्त्रियांना अधिकृतपणे वेध घेऊ देत नसत. रुबिन या तशी परवानगी मिळालेल्या पहिल्या. त्यांनी आणि केंट फोर्ड यांनी १९७०मध्ये आपल्या शेजारच्या देवयानी दीर्घिकेतल्या ताऱ्यांचे वेग प्रसिद्ध केले. आपल्या सूर्यमालेत बुध सेकंदाला ४७ किलोमीटर धावतो, पृथ्वी ३०, आणि कडेचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. लांबचा तो सावकाश, हा साधा नियम. देवयानीत तसं नव्हतं. मधला तारा आणि कडेचा तारा जवळपास एकाच वेगाने चाललेले. पुढच्या दहा वर्षांत रुबिनबाईंनी दीर्घिकेमागून दीर्घिका तपासली, सगळीकडे तेच. ताऱ्यांची वस्ती संपते त्याच्याही पलीकडे हायड्रोजन वायू पसरलेला असतो आणि तो २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. रेडिओ दुर्बिणींनी त्याचा वेग मोजला, तिथंही वेग उतरायला तयार नाही. आमच्या खोडदच्या तबकड्याही दूरदूरच्या दीर्घिकांतला असाच हायड्रोजन ऐकत असतात. ती मुलगी 'वजनावरून' म्हणाली होती, ते हे वजन. दिसणाऱ्या वस्तीभोवती न दिसणाऱ्या द्रव्याचा मोठा गोळा आहे, असं धरलं तरच हिशेब जुळतो.

मग हे द्रव्य आहे तरी कशाचं? इथून उमेदवारांची यादी सुरू होते. 'उमेदवार' हा शब्द माझा नाही, शास्त्रज्ञच तो वापरतात. पहिला विचार अर्थातच साधा होता. विझलेले तारे, एकटे भटकणारे ग्रह, कृष्णविवरं असं आपल्याच जातकुळीचं काहीतरी असेल. १९९०च्या दशकात त्यांचा कसून शोध घेतला गेला. ते आहेत, पण पुरेसे नाहीत. शिवाय विश्वाच्या सुरुवातीला हेलियम आणि जड हायड्रोजन किती तयार झाला याचं गणित सांगतं, की आपल्या ओळखीचं द्रव्य मुळात एवढं असूच शकत नाही. तेव्हा उमेदवार बाहेरचा हवा, एखादा वेगळाच मूलकण.

त्यातला एक कण हाताशी होता. १९३०मध्ये पाउली या शास्त्रज्ञाने, किरणोत्सर्गाचा हिशेब जुळेना म्हणून, एक अदृश्य कण असल्याचं एका पत्रातून सुचवलं होतं. झुरिकमध्ये नाचाचा कार्यक्रम होता, म्हणून तो परिषदेला गेला नाही, पत्र पाठवलं! तो कण म्हणजे न्यूट्रिनो. पत्रानंतर २६ वर्षांनी, १९५६मध्ये, तो खरोखर सापडला. हा नेपच्यून निघाला. १९६५मध्ये वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो जगात सर्वप्रथम जिथं सापडले त्या जागांपैकी एक आपली कोलारची सोन्याची खाण होती, हेही सांगून ठेवतो. या न्यूट्रिनोला वजन असेल तर? असा विचार रशियात १९६६मध्ये झाला होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले रामनाथ कौसिक तेव्हा अमेरिकेत बर्कलेला होते. त्यांनी मॅक्लेलंड यांच्यासह १९७२मध्ये हे वजन जास्तीत जास्त किती असू शकेल ते विश्वाच्या गणितावरून काढलं. लगेच पुढच्या वर्षी त्यांनी मांडलं, की न्यूट्रिनोला नगण्य वजन असलं तरी झ्विकीच्या त्या कोमा झुंडीतली तूट भरून निघू शकेल. कौसिक जन्माने नागपूरचे. आकाशातली तूट मूलकणांनी भरावी, या विचाराच्या अगदी सुरुवातीला आपल्याकडचा माणूस उभा आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांतून मला तो कधी भेटला नाही.

न्यूट्रिनो निवडून येणार असं काही वर्षं वाटत होतं. मग १९८३च्या सुमारास संगणकावर न्यूट्रिनोंचं विश्व घडवून पाहिलं गेलं. न्यूट्रिनो फार वेगाने धावतात, कुठं ठरत नाहीत. त्यांच्या विश्वात आधी प्रचंड झुंडी तयार होतात आणि दीर्घिका मागाहून. आपलं आकाश तसं नाही. १९९८मध्ये जपानमधल्या प्रयोगाने न्यूट्रिनोला वजन आहे हे दाखवलं खरं. पण जर्मनीतल्या 'कॅट्रिन' प्रयोगाचा २०२५मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा सांगतो, की ते इलेक्ट्रॉनच्या वजनाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी आहे. डिपॉझिट जप्त.

दुसरा उमेदवार मात्र बड्या घरचा. जड, संथ आणि कुणाशी फारसा संबंध न ठेवणारा. इंग्रजी अद्याक्षरं जुळवून १९८५मध्ये त्याचं नाव पडलं 'विम्प'. त्या भाषेत विम्प म्हणजे मुळूमुळू माणूस. कृष्णविवरं आणि विझलेल्या ताऱ्यांच्या गटाला मग कुणीतरी 'माचो', म्हणजे मर्दगडी, असं नाव ठेवलं. शास्त्रज्ञांचा विनोद असा चालतो. या विम्पचं मोठं आकर्षण असं, की विश्वाच्या आरंभी असे कण तयार झाले आणि एकमेकांत विरून गेले असं मानलं, तर आज शिल्लक किती राहतील याचं उत्तर जवळपास नेमकं हव्या त्या कृष्णद्रव्याएवढं येतं. शिवाय मूलकणांचं शास्त्र स्वतःच्या वेगळ्या कारणांसाठी अशाच कणांची अपेक्षा करत होतं. दोन वेगळी गणितं, उत्तर एकच. लोक त्याला 'विम्पचा चमत्कार' म्हणू लागले. चमत्कार हा शब्द प्रयोगशाळेत आला, की माझ्यासारख्याला जरा धास्तीच वाटते.

आता हा कण पकडायचा कसा? तो आत्ता या क्षणीही तुमच्या-माझ्यातून जात असणार. क्वचित कधीतरी तो एखाद्या अणुकेंद्रावर आदळेल, तेवढाच धक्का टिपायचा. वरून सतत पडणाऱ्या विश्वकिरणांचा गोंगाट नको, म्हणून जमिनीखाली जायचं. अमेरिकेतल्या दक्षिण डाकोटात होमस्टेक ही सोन्याची जुनी खाण आहे. तिथं दीड किलोमीटर खोल 'लक्स-झेपलिन' प्रयोगाची टाकी आहे, त्यात द्रवरूप झेनॉन १० टन. इटलीत ग्रान सासो डोंगराच्या पोटात 'झेनॉन'चे प्रयोग एकापाठोपाठ एक मोठे होत गेले. आपल्याकडेही झारखंडमध्ये जादुगुडाच्या युरेनियमच्या खाणीत ५५५ मीटरांवर २०१७मध्ये छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून हे चाललं आहे. यंत्रं हजारो पटींनी संवेदनशील झाली. विम्प आलेला नाही.

नाही म्हणायला एकाने चांद पाहिल्याचं सांगितलं. ग्रान सासोतल्याच 'डामा' प्रयोगाचं म्हणणं असं: पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे कृष्णद्रव्याचा वारा तिला जूनमध्ये जास्त लागतो, डिसेंबरात कमी; आणि आमच्या स्फटिकांत नेमका तसाच वार्षिक चढउतार दिसतो. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून वीसहून जास्त वर्षं ते हे सांगत आले, आकडेही दाखवत आले. खोटेपणाचा आरोप त्यांच्यावर कुणी केला नाही. मग दुसरा साक्षीदार हवा म्हणून तशाच स्फटिकांचे प्रयोग दक्षिण कोरियात आणि स्पेनमध्ये उभे राहिले. त्यांना तो चढउतार दिसला नाही. हे वाचताना मला पुन्हा आमची गच्ची आठवली. ढगाच्या फटीत एखाद्या पोराला कोर दिसायची, तो शपथा घ्यायचा आणि आम्ही सगळे त्याच्या बोटाच्या टोकाकडे बघत राहायचो. तो खोटं बोलत नसायचाच. पण एकट्याच्या चांदावर ईद होत नाही.

तिसऱ्या उमेदवाराची गोष्ट मला सगळ्यांत जवळची, आणि कारण उघड आहे. अणुकेंद्रातला न्यूट्रॉन सिद्धांताप्रमाणे विजेच्या एका इवल्याशा सुईसारखा वागायला हवा, पण तो तसा वागत नाही. का नाही, याचं उत्तर १९७७मध्ये पेचेई आणि हेलन क्विन यांनी सुचवलं. त्या उत्तरातून एक नवा कण निघतो, हे पुढच्याच वर्षी वाइनबर्ग आणि विल्चेक यांच्या लक्षात आलं. विल्चेकने दुकानात कपडे धुण्याच्या पावडरीचा खोका पाहिला होता. त्यावरचं नाव 'अ‍ॅक्सिऑन'. सिद्धांतावरचा डाग धुऊन काढणाऱ्या कणाला त्याने तेच नाव दिलं. कृष्णद्रव्याशी तेव्हा त्याचा काही संबंध नव्हता. १९८३मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं, की असे कण असतील तर विश्वाच्या आरंभापासून ते इतके साठले असतील की कृष्णद्रव्याची सगळी तूट तेच भरतील. त्याच वर्षी पिएर सिकिव्ही यांनी ते पकडण्याची युक्ती सांगितली. जबरदस्त चुंबकीय क्षेत्रात अ‍ॅक्सिऑनचं रूपांतर रेडिओ लहरीत होऊ शकतं. पण कुठल्या लहरीत, ते त्याच्या वजनावर अवलंबून, आणि वजन कुणालाच माहीत नाही. म्हणजे काय करायचं? रेडिओ घ्यायचा आणि सुई फिरवत बसायचं!

मी गंमत करत नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटलला वॉशिंग्टन विद्यापीठात 'एडीएमएक्स' नावाचा प्रयोग आहे तो हाच. पिंपाएवढा तांब्याचा मुलामा दिलेला डबा, भोवती मोठं चुंबक, सगळं जवळपास निरपेक्ष शून्याइतकं थंड केलेलं. डब्यात तांब्याच्या दांड्या, त्या किंचित सरकवल्या की डबा वेगळ्या लहरीला प्रतिसाद देतो. आपल्या जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर हेच काम करायचा. अब्बांच्या दुकानात त्याच्या पत्र्यांवरची धूळ ब्रशने झाडायचं काम माझ्याकडे होतं. अपेक्षित आवाज किती बारीक? एकावर तेवीस शून्यं दिली तर जो आकडा होईल, त्याने एका वॅटला भागायचं, साधारण तेवढा. २०१८मध्ये या गटाने जाहीर केलं, की सिद्धांताला हव्या त्या बारकाईने आम्ही पहिल्यांदाच ६४५ ते ६८० मेगाहर्ट्झचा पट्टा तपासला. तिथं अ‍ॅक्सिऑन नाही. डायलवरच्या एवढ्याशा तुकड्यापर्यंत पोचायला कित्येक वर्षं लागली होती.

मधल्या काळात दुसरा पक्ष गप्प नव्हता. इस्रायलच्या मिलग्रोम यांनी १९८३मध्येच म्हटलं, की कणबिण काही नाही, गुरुत्वाकर्षणाचा नियमच फार मंद ओढीच्या ठिकाणी बदलतो. म्हणजे हा व्हल्कन आहे. दीर्घिकांचे वेग त्यांच्या सूत्राने आश्चर्य वाटावं इतके चांगले जुळतात. पण २००६मध्ये दीर्घिकांच्या दोन झुंडींची टक्कर तपासली गेली. त्यात वायू एकमेकांना अडून मागे राहिला होता आणि वजन मात्र आरपार निघून पुढे गेलेलं होतं. नुसता नियम बदलून हे समजावणं कठीण जातं. माझं मत विचाराल तर ते कणांच्या बाजूने झुकतं. पण लव्हेरियेंना १८७०मध्ये कुणी विचारलं असतं, तर त्यांनीही आपलं मत ठामपणेच सांगितलं असतं.

मला अस्वस्थ करते ती माणसांची गोष्ट. विशी-पंचविशीत एखादा विम्पच्या शोधात खाणीत उतरला असेल, तो आता निवृत्तीला आला. सगळ्या नोकरीभर त्याने एकच वाक्य अधिकाधिक काटेकोरपणे लिहिलं: या मर्यादेपर्यंत सापडलं नाही. २०२०मध्ये इटलीतल्या यंत्रात थोडी जास्तीची टिकटिक आढळली, जगभर बातम्या झाल्या. त्याच लोकांनी आणखी चांगलं यंत्र बांधलं आणि २०२२मध्ये स्वतःच सांगितलं, की ती टिकटिक आता नाही. आपल्या हातातला आनंद आपणच असा खाली ठेवायचा! कवितेच्या वहीतली खाडाखोड मी कुणाला दाखवत नाही. हे लोक ती छापतात.

आणि एक गंमत २०२४मध्ये झाली. इटलीतल्या आणि चीनमधल्या झेनॉनच्या टाक्यांत अखेर अणुकेंद्रांना बसणारे बारीक धक्के जाणवू लागले. ते विम्पचे नव्हते. सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रिनोंचे होते. एके काळचा पहिला उमेदवार, डिपॉझिट गमावलेला, आता नव्या उमेदवाराच्या शोधात खरखर होऊन आडवा येतो आहे. यंत्र जितकं तल्लख होईल, तितकी ही खरखर वाढत जाणार.

दुरुस्तीला आलेला रेडिओ तपासताना अब्बा सुई डायलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेत. जिथं कुठलंच स्टेशन नाही हे त्यांना पाठ होतं, तिथंही ते घाई करत नसत. कान लावून तेवढाच वेळ थांबत आणि मगच पुढे जात. गिऱ्हाईक समोर चुळबुळत असायचं. सिअ‍ॅटलच्या त्या थंड डब्यातल्या दांड्याही अशाच केसभर सरकतात, थांबतात, पुन्हा सरकतात. अ‍ॅक्सिऑनसाठी सिद्धांताने मोकळी ठेवलेली डायल फार लांब आहे. सुई अजून तिच्या डाव्या बाजूलाच आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)